कॅमेरा बदलून देतो, आधी वायर कुठून गेलीय ते सांगा

गाडीचा मागचा कॅमेरा बंद पडला की गिऱ्हाईक थेट नवा कॅमेरा मागतं. दुकानदारही काही न विचारता डबा फोडून तो लावून देतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि इतक्या वर्षांत मी जे पाहिलंय त्यावरून सांगतो, बहुतेक वेळा त्या कॅमेऱ्याचा काही गुन्हा नसतो. गुन्हा असतो कॅमेऱ्यापासून ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनपर्यंत जाणाऱ्या वायरचा. आणि ती वायर गाडीत कुठून कुठे गेलीय हे बॉडी बांधणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं. पुष्कळदा त्यालाही नसतं, कारण ज्या पोराने ती ओढली तो काम सोडून गेलेला असतो.

छोट्या मोटारीत हे खपून जातं. डिकीचं आतलं कव्हर उचकटलं की वायर हाताला लागते, नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगचा नकाशा असतो. पंचाईत होते ती चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, अशा गाड्यांची. शाळेच्या बस, ट्रॅव्हल्स, रुग्णवाहिका, फिरता दवाखाना. आणि आता त्यात भर पडलीय कॅरव्हॅनची. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं, तेव्हापासून ही चाकावरची घरं रस्त्यावर दिसायला लागली. पुण्याकडून गोव्याला जाणारी मंडळी कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला थांबतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एका घाटाने खाली उतरतात. घाट उतरायच्या आधी काहीतरी बंद आहे असं लक्षात आलं, की गाडी उद्यमनगरात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक आली. मिनीबसच्या चासीवर बांधलेली, जेमतेम सात मीटर लांब, आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, छतावर सोलर. पुण्याचं निवृत्त जोडपं होतं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लेथची दुकानं, दारात कास्टिंगचे ढीग, मध्ये कुणाची तरी मोपेड. त्या गल्लीत ती गाडी उलटी आत घेताना काका घामाघूम झाले. काकू खाली उतरून मागे उभ्या राहिल्या होत्या, पण त्या नेमक्या अशा जागी, की काकांना त्या दिसतच नव्हत्या. "या, या" म्हणत होत्या, ते इंजिनाच्या आवाजात काकांना ऐकू येत नव्हतं. शेवटी आमच्या दुकानातला पोरगा पुढे झाला. त्याने काकूंना बाजूला घेतलं, आरशात स्वतःचं तोंड दिसेल असा उभा राहिला आणि हाताने गाडी आत घेतली.

ट्रकच्या धंद्यात हे काम किन्नराचं. मागे जाऊन उभा राहायचा, येऊ दे, येऊ दे, डावं काट, सरळ कर, बास! सोबत पत्र्यावर थाप. ड्रायव्हरला शब्द ऐकू आले नाहीत तरी थाप कळायची. कॅरव्हॅनला किन्नर नसतो. घरातलंच माणूस असतं, साठीचं, पावसात चप्पल घसरणारं, रात्री टॉर्च घेऊन उभं. आणि मागे काचही नसते, कारण तिथे पलंग आणि कपाट असतं, त्यामुळे आतला आरसा फक्त पडदा दाखवतो. बाजूचे आरसे बाजू दाखवतात. बरोबर पाठीमागचा पट्टा, जिथे लहान पोर, कुत्रं, सायकल किंवा दगडी कठडा असू शकतो, तो कुणालाच दिसत नाही. अशा गाडीत कॅमेरा ही चैनीची वस्तू नाही. ब्रेकनंतर मी त्याचाच नंबर लावेन.

हे जगाने फार महाग शिकून घेतलंय. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रेग गुलब्रान्सन नावाचे बालरोगतज्ज्ञ २००२ साली आपल्याच घराच्या दारात गाडी मागे घेत होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमरन मागे आला होता. आरशात तो दिसणं शक्यच नव्हतं. पुढे त्या बापाने पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये मुलाच्या नावाने कायदा झाला. नियम प्रत्यक्ष लागू व्हायला आणखी दहा वर्षं गेली, १ मे २०१८ पासून तिथे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. युरोपने जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना मागचं भान देणारी यंत्रणा, कॅमेरा किंवा सेन्सर, लावायला सांगितली, आणि त्यात ट्रक-बसही धरल्या. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर आले. चांगली गोष्ट झाली. पण सेन्सर फक्त ओरडतो, काय आहे ते सांगत नाही. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी तो माणसाला, म्हशीला, फुलांच्या टोपलीला, सगळ्यांना सारखाच ओरडतो. तासाभरात ड्रायव्हरचे कान त्याला सरावतात आणि मग तो ओरडला काय, न ओरडला काय.

तर त्या जोडप्याची गाडी. काका म्हणाले, "कॅमेरा दोनदा बदललाय हो. नवा लावला की चार दिवस चालतो, पाऊस आला की निळी स्क्रीन." आणि त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. आधीचे दोन्ही कॅमेरे त्यात जपून ठेवले होते. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, कारण लोक असल्या वस्तू फेकून देतात आणि मग आम्हाला काही कळत नाही. दोन्ही कॅमेरे टेबलावर बॅटरीला जोडले, छोट्या स्क्रीनला लावले. दोन्ही लख्ख चालत होते. काकू एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पैसे पाण्यात." पैसे खरंच पाण्यात गेले होते, पण ते पाणी सापडायला आम्हाला संध्याकाळ झाली.

कॅमेरा तपासायची रीत सोपी आहे, कुणीही करावी. चावी फिरवून रिव्हर्स गिअर टाका आणि आधी खाली उतरून मागचा पांढरा दिवा लागतो का पाहा. कॅमेऱ्याला वीज बहुतेक गाड्यांत त्या दिव्याच्या वायरवरूनच दिलेली असते. दिवाच लागत नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका, फ्यूज पाहा, नाहीतर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स लाइटचा स्विच पाहा. तो स्विच गाडीखाली चिखलात लोळत असतो. दिवा लागत असेल तर कॅमेऱ्याजवळच्या सॉकेटवर मीटर लावून बारा व्होल्ट येतात का बघायचं. काही ठिकाणी साडेनऊ-दहाच येतात, कारण लांबलचक आणि केसासारखी बारीक वायर ओढलेली असते. तेवढ्या विजेवर कॅमेरा कधी चालतो, कधी झोपतो. हेही ठीक असेल तर पंधरा मीटरची एक जादा केबल जमिनीवरून, खिडकीतून, थेट कॅमेऱ्यापासून स्क्रीनपर्यंत टाकायची. चित्र आलं, तर कॅमेरा निर्दोष, स्क्रीन निर्दोष, आणि दुखणं भिंतीत. इथपर्यंत यायला तास लागत नाही.

इथून पुढे दिवस जातो. कारण काकांच्या गाडीतली मूळ केबल मागच्या छताजवळून कपाटाच्या माथ्यावर शिरते आणि नंतर प्लायच्या मागे गडप होते. एका टोकाने ओढून पाहिलं, दुसरं टोक हललं नाही. छताचं आतलं अस्तर सिलिकॉनने चिकटवलेलं, कडेला रिव्हेट मारलेले, वर रंगीत पट्टी. स्क्रू एकही नाही, झडप एकही नाही. बांधणाऱ्याला फोन लावला. तो सभ्यपणे बोलला, पण म्हणाला, "मेस्त्री, वायरिंग कुठून घेतलंय ते आता सांगता येणार नाही, प्रत्येक गाडी वेगळी असते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता राग येत नाही.

शेवटी छतावरच्या खिडकीच्या खालचं अस्तर कापलं. नेमक्या त्या खिडकीखाली दोन केबलींचा जोड होता. चार पिनांचा, आटे फिरवून बसवायचा कनेक्टर, आणि तो हिरव्या बुरशीने भरलेला. खिडकीच्या कडेचं सील थोडं सुटलं होतं. पाऊस पडला की दोन-चार थेंब आत, थेट पिनांवर. ऊन पडलं की वाळायचं आणि कॅमेरा चालायचा. नवा कॅमेरा बसवणारे दोघेही बहुधा कोरड्या दिवशी भेटले होते. जवळपासच्या दुसऱ्या एका जागी तर वायरला नुसता पीळ मारून टेप गुंडाळली होती, आणि उन्हाने टेपचा गोंद सुटून ती सापाच्या कातीसारखी लोंबत होती.

नवी केबल आम्ही छतातून नेलीच नाही. खालून, चासीच्या कडेने, जाड नळीतून, सायलेन्सरपासून लांब ठेवून मागे नेली आणि मागच्या खांबातून वर. वर शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी केबलवरून ओघळलं तरी झोलाच्या तळाशी टपकेल, आत जाणार नाही. नळीत एक रिकामी तारही टाकून ठेवली, उद्या दुसऱ्याला केबल ओढायची झाली तर तिला बांधून ओढता येईल. आणि एका कागदावर साधी रेघोट्यांची आकृती काढून, कुठला फ्यूज, कुठे जोड, ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. काकांनी फोनमध्ये फोटोही काढला. आता ती गाडी रत्नागिरीत बंद पडो नाहीतर राजकोटला, तिथल्या वायरमनला अस्तर कापावं लागणार नाही.

माझं सगळं म्हणणं त्या कागदावर येऊन थांबतं. पंधरा-वीस लाखांच्या पुढची गाडी विकताना बांधणारा तुम्हाला गादीचं कापड चार रंगांत दाखवतो, ओट्याचा दगड निवडायला सांगतो, निळे-जांभळे दिवे लावून देतो. वायरिंगचा नकाशा मात्र देत नाही. तो मालकाला कायद्याने मिळाला पाहिजे. गाडीच्या कागदांत, आरसी आणि विम्याच्या शेजारी. आणि छतात, भिंतीत जिथे जिथे वायरीचा जोड आहे, तिथे स्क्रूने उघडणारी झडप असली पाहिजे. यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

हे नवं काही नाही, उलट आपल्याकडचंच जुनं आहे. कोल्हापूरचा कारखानदारी बाणा शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर वाढला. कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये मी शिकत होतो तेव्हा आमच्या भागातल्या इंजिनांबरोबर पुस्तिका यायची. प्रत्येक भागाचं चित्र, शेजारी आकडा. राधानगरीकडचा शेतकरी तालुक्याला येऊन "अमुक नंबरचं वॉशर द्या" म्हणायचा आणि ते बरोबर तेच असायचं. त्या पुस्तिकेमुळे बनवणाऱ्याचं काही नुकसान झालं नाही, उलट त्याचं इंजिन गावोगाव पोचलं, कारण गावोगाव ते दुरुस्त होत होतं. छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक आजही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि माणसं ती बघायला गर्दी करतात. नव्वदीच्या घरातली ती गाडी चालते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग उघडून, पाहून, पुन्हा बसवता येतो. आमच्याकडे आलेल्या कॅरव्हॅनला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि करवतीशिवाय तिच्या आत जाता येत नव्हतं.

बॉडीवाल्यांशी माझं भांडण नाही, माझा निम्मा धंदा त्यांच्याकडून येतो. ते काय म्हणतात तेही मला माहीत आहे. एक म्हणजे, नकाशा दिला तर दुसरा नक्कल करेल. मला हसू येतं. इथला कुठलाही बॉडीवाला दुसऱ्याची बॉडी नुसती एक चक्कर मारून उतरवतो, त्याला वायरिंगचा कागद लागत नाही. दुसरं, प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे वेगळी, मग नकाशा एक कसा करणार? अहो, वेगळी आहे म्हणूनच तर हवा. हजार गाड्या एकसारख्या असत्या तर वायर कुठे आहे हे तोंडपाठ झालं असतं. वायर ओढणाऱ्या पोराने काम संपल्यावर, अस्तर लावण्याआधी, चार फोटो काढले आणि एक आकृती काढली तरी पुष्कळ. त्याला अर्धा तास लागेल. खर्चाचं म्हणाल तर त्या ओट्याच्या दगडाच्या एका तुकड्यात भागेल.

कायद्याला यासाठी मोठी उडी मारावी लागत नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी देशात स्वतंत्र मानक आहे, एआयएस-१२४ म्हणतात त्याला. गाडीचा नमुना मंजूर करून घ्यायला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे जावं लागतं, आणि तिथे गाडीचे तपशील कागदावर द्यावे लागतात. म्हणजे कागद बनवायची सवय बांधणाऱ्याला आहेच. त्यातलीच एक प्रत मालकाच्या हातात पडायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. वाहन हे त्यात आहे म्हणजे फक्त मोठ्या मोटार कंपन्या आहेत, असं मी समजत नाही. हायवेच्या कडेला शेडमध्ये बॉडी बांधणाराही वाहनच बांधतो.

दुसरी मागणी आरटीओकडे. व्यावसायिक गाडीला नवी असताना दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. पासिंगला हॉर्न वाजवून बघतात, वायपर फिरवून बघतात, आरसे, दिवे, रिफ्लेक्टर बघतात. ते योग्यच आहे. मग ज्या गाडीला मागचा कॅमेरा लावलेला आहे, तिचा रिव्हर्स गिअर टाकून स्क्रीनकडे एकदा नजर टाकायला किती वेळ लागेल? दहा सेकंद. बंद कॅमेरा हा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट. नसेल तर ड्रायव्हर खाली उतरून बघून येतो. असेल आणि अधूनमधून चालत असेल, तर तो स्क्रीन कधी उजळेल याची वाट बघत गाडी मागे सोडतो. शाळेच्या बसचा तर मी आग्रहच धरतो, कारण बसमधून उतरलेली पोरं मागूनच रस्ता ओलांडतात.

आता थोडं आमच्याही लोकांबद्दल. कॅमेरा बदलणं सोपं आणि त्यात नफा आहे. हजार-दीड हजारापासून कॅमेरा मिळतो, जड गाड्यांचा चांगला, केबलसकट, त्याच्या दुप्पट-तिप्पट. डबा फोडला, चार स्क्रू लावले, पैसे घेतले. दुखणं शोधण्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून दुकानदार बघतच नाही, बदलतो. डॉक्टरकडे गेल्यावर तपासणीची फी आपण मुकाट्याने देतो आणि वायरमनकडे तीच फी देताना घासाघीस करतो. मी माझ्या दुकानात तपासणीचे वेगळे पैसे लावतो, फळ्यावर लिहून ठेवलेत. काही गिऱ्हाइकं त्यावरून परत जातात. जाऊ देत.

आणि कधी कधी कॅमेराच खरंच गेलेला असतो, हेही सांगायला पाहिजे. भिंगाच्या आत वाफ धरली की ती जात नाही, तो कॅमेरा बदलायचाच. घेताना त्यावर आयपी६९के असं लिहिलंय का बघावं, जोराच्या फवाऱ्याखाली गाडी धुतली तरी आत पाणी जायला नको. उसाच्या हंगामात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर चिखल सांडत जातात तेव्हा, भिंगावर चिखल वाळून बसतो. किन्नर किंवा मालक कोरड्या फडक्याने तो घासतो आणि भिंगावरचा लेप ओरखडतो. मग रात्री समोरचा प्रत्येक दिवा स्क्रीनवर फुटलेला दिसतो. पाण्याने आधी भिजवा, मग पुसा, एवढंच.

नवा कॅमेरा घेताना जुनी स्क्रीन कुठल्या जातीची आहे तेही बघा. जुन्या स्क्रीन साधा सिग्नल घेतात, नव्या जास्त स्पष्ट चित्राच्या, ज्यांना एएचडी म्हणतात. नवा एएचडी कॅमेरा जुन्या स्क्रीनला लावला की चित्राऐवजी तिरप्या रेघा धावतात आणि माणूस म्हणतो, कॅमेरा खराब निघाला. बिनवायरीचे कॅमेरेही येतात, छोट्या मोटारीला ते जमतात. पण सात मीटरच्या पत्र्याच्या बॉडीत, मध्ये फ्रिज आणि घरातलं वायफाय, त्यात ते अडखळत चालतात. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तरी चाक तेवढ्यात एक फूट मागे गेलेलं असतं. मी ते मोठ्या गाडीला लावत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बसवणारेही विसरतात. मागचा कॅमेरा आरशासारखं चित्र दाखवतो, म्हणजे डावीकडचं डावीकडेच दिसतं. पण काही कॅमेरे पुढे लावायलाही चालतात, त्यांना एक छोटी वायरची कडी असते, ती जोडलेली की तोडलेली यावर चित्र उलटं-सुलटं होतं. चुकीचं राहिलं तर उजवीकडचा खांब स्क्रीनवर डावीकडे दिसेल, आणि ड्रायव्हर बरोबर त्याच्यावरच गाडी घालेल. म्हणून नवा कॅमेरा बसवला की एका माणसाला मागे उभं करायचं, त्याला ड्रायव्हरच्या बाजूचा हात वर करायला सांगायचं, आणि स्क्रीनवर तो त्याच बाजूला दिसतोय ना ते पाहायचं. नंतर बंपरपासून एक मीटरवर एक वीट, दोन मीटरवर दुसरी, आणि स्क्रीनवरच्या पिवळ्या-तांबड्या रेघांचा अर्थ त्या विटांवरून लावायचा. रेघा कारखान्यात छापलेल्या असतात, तुमच्या गाडीची उंची त्यांना माहीत नसते. कॅरव्हॅनला कॅमेरा छताजवळ लागतो, खाली तोंड करून. त्यामुळे त्याला वरचं काही दिसत नाही. पन्हाळ्यावर एखाद्या झाडाची फांदी, पेठेतल्या घराचा सज्जा, केबलवाल्याची लोंबती तार. तिथे पुन्हा मागे माणूस लागतोच, आणि त्या माणसाने उभं कुठे राहायचं ते वर सांगितलंच आहे.

कॅरव्हॅन घ्यायच्या विचारात असाल तर बांधणाऱ्याच्या शेडवर दोनदा जा. एकदा बॉडीचा सांगाडा उभा असताना, अस्तर लागायच्या आधी, आणि स्वतःच्या फोनमध्ये छताचे, भिंतींचे, सगळ्या वायरींचे फोटो काढून घ्या. दुसऱ्यांदा ताबा घेताना. त्या वेळी गादी-पडदे नंतर बघा. आधी म्हणा, रिव्हर्स टाका. मग म्हणा, या कॅमेऱ्याच्या वायरीचा जोड मला उघडून दाखवा. उघडून दाखवला तर ठीक. "काही होत नाही त्याला" असं उत्तर आलं, तर शेवटचा हप्ता तेवढ्यापुरता खिशातच ठेवा, आणि झडप बसवून, कागदावर नकाशा काढून मिळाला की मग द्या.